इतर देशांत काय पद्धत आहे

माझ्या चुलत सासऱ्यांइतका लोकशाहीवर जीव टाकणारा आणि त्याच लोकशाहीने घरच्यांना जेरीस आणणारा माणूस दिल्लीतच काय, जगातल्या कुठल्याही राजधानीत सापडायचा नाही. नवऱ्याचे हे सख्खे काका. सगळी नोकरी केंद्र सरकारात, कायद्यांचे मसुदे तपासण्यात गेली. नवा कायदा करायचं ठरलं की त्या विषयावर इंग्लंड, अमेरिका, जर्मनीत काय तरतूद आहे याचं टिपण काकांनी तयार करायचं. जन्मभर अशी टिपणं लिहिल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच झालं. निवृत्त होऊन ते लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून द्वारकेतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, ऑफिसची टेबलखुर्ची मागे राहिली, टिपण मात्र डोक्यातून उतरलं नाही. गीझर बिघडो, कामवाली दांडी मारो, नातवाचं बारसं असो, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, की इतर देशांत काय पद्धत आहे? इतर देश म्हणजे पश्चिमेकडचे, आणि पद्धत म्हणजे राज्य चालवायची. गीझरचा तिच्याशी काय संबंध, असं विचारण्याची चूक मी एकदाच केली. संबंध होता, आणि तो समजून घेईपर्यंत माझा चहा गार झाला होता.

लग्न होऊन मी साताऱ्याहून दिल्लीत आले तेव्हा नवऱ्याने मला आधी काकांच्याच पाया पडायला नेलं. आशीर्वाद देऊन झाल्यावर काकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, संसार संसदीय पद्धतीने करणार की अध्यक्षीय? मी नवऱ्याकडे पाहिलं, नवरा पंख्याकडे पाहत होता. मग काकांनीच खुलासा केला. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत एकदा निवडून आलेला माणूस मुदत संपेपर्यंत निवांत असतो, महाभियोगासारखं काही मोठं घडल्याशिवाय त्याला कोणी हात लावू शकत नाही. इंग्लंडच्या पंतप्रधानाच्या नशिबात हे सुख नाही. सभागृहाचा विश्वास आहे तोवरच तो आहे. "नवऱ्याने पंतप्रधान असावं," काका म्हणाले. "सकाळी उठल्यावर आपल्यामागे बहुमत आहे का ते बघावं आणि मग चहा मागावा." मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. तेवढ्यात काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, की त्यांना आधी खाऊ द्या, सरकार मागाहून पाडा.

खुद्द काकांच्या घरात जर्मनीचा एक नियम लागू होता. जर्मनीत म्हणे चॅन्सेलरवर नुसता अविश्वास दाखवून भागत नाही. त्याच्या जागी कोण, हे त्याच ठरावात सांगून तो नवा माणूस निवडून द्यावा लागतो. ही तरतूद काकांना इतकी भावली की त्यांनी ती थेट जेवणाच्या टेबलावर आणली. भाजीला नावं ठेवायची असतील तर दुसरी भाजी सुचवायची, आणि ती स्वतः चिरून द्यायची. परिणाम असा झाला, की त्यांचा मुलगा कॉलेजात जाईपर्यंत टिंड्याची, म्हणजे उत्तरेकडच्या त्या बेचव गोल फळाची, भाजी निमूट गिळत वाढला. आता तो पुण्यात नोकरीला आहे, आणि तिथे कोणी टिंडे खात नाही हे पुण्याचं सगळ्यात मोठं वैभव आहे असं तो सांगतो. एकदा माझ्या नवऱ्याने बंड करून भेंडी सुचवली होती. काकांनी भेंडी धुऊन, पुसून, ताटासकट त्याच्यापुढे ठेवली. त्या दिवशी आम्ही जेवलो तेव्हा शेजारपाजारचे लोक दुपारची झोप काढून उठत होते. काकू म्हणायच्या, की ह्यांच्या सगळ्या घटनांमधलं एवढं एकच कलम माझ्या कामाचं आहे.

सोसायटीत तर काकांना तोटाच नव्हता विषयांचा. एकदा लिफ्ट बंद पडली. सोसायटीचे प्रेसिडेंट म्हणजे एक रिटायर्ड कर्नलसाहेब. ते म्हणत नवी मोटर घ्या, आणि खजिनदार चेकवर सही करेनात. दोघंही निवडून आलेले, दोघंही हट्टी. काका जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हिंदीतून समजवायचे, "देखिए, ये अमेरिकावाली बीमारी है." तिकडे अध्यक्ष वेगळा निवडतात, कायदेमंडळ वेगळं निवडतात, आणि दोघांचं खर्चावर जमलं नाही की सरकारी कचेऱ्यांना कुलपं लागतात. इंग्लंडात सरकारला अंदाजपत्रक मंजूर करून घेता आलं नाही तर सरकार घरी जातं. आपल्या सोसायटीत कोणी झुकतही नाही आणि घरीही जात नाही, हा काकांचा मुद्दा. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत ऐकायचे, कारण तेवढाच विसावा मिळायचा. अशाच एका संध्याकाळी काकू तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकल्या आणि त्यांना उठता येईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. काकांचं वाक्य त्या दिवशी अर्धंच राहिलं.

डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं. फुप्फुसं थकली आहेत, दिल्लीच्या हिवाळ्यातली धुरकट हवा यांना झेपणार नाही, शक्य असेल तर शहरच बदला. मुलाने पुण्यात त्याच्याच बिल्डिंगमधली दोन खोल्यांची जागा बघून ठेवली. सामान बांधायचं तेवढं बाकी होतं. पण काकांचा पाय दिल्लीतून निघेना. सेक्टरच्या पार्कात त्यांचा एक बाक होता. त्यावर एक तमिळ, एक बंगाली आणि एक सरदारजी असे तीन निवृत्त अधिकारी रोज सकाळी काकांची वाट बघत बसायचे. काकांनी अमेरिकेची बाजू घेतली की ते तिघं इंग्लंडची घेत आणि काकांनी इंग्लंडची घेतली की त्यांची निष्ठा बदलायची. त्या बाकावरून काका घरी परतले की त्यांच्या तोंडावर नुसतं तेज असायचं. "पुण्यात माझ्याशी भांडणार कोण?" त्यांनी मला एकदा विचारलं. पुण्यात वाद घालायला माणूस मिळणार नाही अशी भीती वाटणारा मी पाहिलेला हा एकमेव मराठी माणूस.

पहिला हिवाळा अभ्यासात गेला. काकांनी पुणे, नाशिक, बेळगाव असा तौलनिक विचार केला आणि प्रत्येकात काहीतरी उणं काढलं. दुसऱ्या हिवाळ्यात ते स्वित्झर्लंडमध्ये शिरले. तिथे मोठा बदल करायचा तर नुसती जनतेची बहुसंख्या पुरत नाही, प्रांतांचीही लागते. तेव्हा दिल्ली हा एक प्रांत धरायचा की दिल्ली आणि द्वारका असे दोन, यावर त्यांचं घोडं अडलं. इकडे काकू नाकाला वाफेचं मशीन लावून बसलेल्या. मला संताप आला आणि मी तो गिळला नाही. म्हटलं, काका, काकूंना श्वास पुरत नाहीये आणि तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये कसले फिरताय? त्याच रविवारी काकांनी सगळ्यांना मतदानाला बोलावलं.

आम्ही नवराबायको, काकू आणि समोर लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याचा मुलगा, असे चार मतदार. काका म्हणाले, "मला दिल्ली सोडायची नाही हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे यात माझा स्वार्थ आला. तेव्हा मी मत देत नाही, मी सभापती." मग इंग्लंडच्या सभापतीची पद्धत त्यांनी नीट समजावून सांगितली. तो एरवी मत देत नाही, मतं समसमान पडली तरच देतो. आणि ते देतानाही संकेत असा, की त्याने आपली आवड बघायची नाही, आहे ते चालू राहील अशा बाजूनेच मत टाकायचं. मोठा बदल व्हायचा तर सभागृहाच्या बहुमताने व्हावा, एकट्या सभापतीच्या मताने नव्हे. आम्ही हो हो म्हटलं. चार जणांत समसमान व्हायला कोणीतरी फितूर व्हावं लागतं, आणि काकूंच्या जिवाचा प्रश्न असताना कोण होणार, असं मी धरून चालले होते.

मुलाने जाण्याच्या बाजूने मत दिलं. मीही दिलं. माझ्या नवऱ्याने मान खाली घालून राहण्याच्या बाजूने हात वर केला. इथले डॉक्टर काकूला ओळखतात वगैरे कारणं त्याने दिली. खरं कारण असं, की आई लवकर गेल्यावर त्याला काकूंनी वाढवलं होतं आणि त्या डोळ्यांआड झालेलं त्याला सोसणार नव्हतं. आता उरल्या काकू. त्यांनी खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि राहण्याच्या बाजूने हात वर केला.

"काकू, अहो तुमच्यासाठीच तर चाललंय हे," मी म्हटलं.

"मला मास्क लावून राहता येतं," काकू म्हणाल्या. "ह्यांना तिथे गप्प बसून राहता यायचं नाही."

दोन विरुद्ध दोन. पडद्यावरचा मुलगा चिडून काहीतरी बोलत होता. नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला, कारण पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. सभापतीने संकेत पाळला की काका दिल्लीत राहणार, काकू दिल्लीत राहणार, आणि पुढचा हिवाळाही त्या इथेच काढणार. काकांनी आयुष्यात संकेत मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. हवा शुद्ध करायच्या मशीनवरचा, हवा खराब असल्याचा लाल दिवा सकाळपासून विझला नव्हता, आणि काका बराच वेळ तिकडेच बघत होते.

"सभापतीचं मत जाण्याच्या बाजूने," ते म्हणाले.

"काका, पण इंग्लंडमध्ये..." नवरा म्हणाला.

"इंग्लंडमध्ये सभापतीची बायको समोर बसून खोकत नसेल," काका म्हणाले, आणि माळ्यावरच्या बॅगा काढायला उठले.

काकू त्यांच्यावर अशा रागावल्या की पुण्याला निघेपर्यंत कामापुरतंच बोलल्या. जायच्या दिवशी बाकावरचे तिघंही खाली आले होते. सरदारजींनी काकांना मिठी मारली आणि अच्छा, अब झगड़ा फ़ोन पर, असं म्हणाले. पण फोनवर तसली भांडणं रंगत नाहीत, हे त्या चौघांनाही माहीत असावं.

आता काकू जिना न थांबता चढतात. फोनवर त्यांचा आवाज कसा मोकळा, भरलेला लागतो, ऐकून बरं वाटतं. मागच्या महिन्यात मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, इथे आल्यापासून ह्यांनी एका देशाचं नाव काढलेलं नाही. सोसायटीच्या मीटिंगला जातात, मागच्या खुर्चीवर बसतात आणि घरी येतात. मी भाजीला मुद्दाम नाव ठेवलं, तर म्हणाले, बरं, उद्या दुसरी करू." ज्या टिपणांना आम्ही वर्षानुवर्षं हसलो, वैतागलो, ती ऐकायला मिळावीत म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

परवा ऑफिसमधून येताना मी मेट्रोतूनच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, आमच्या ऑफिसात वाद झाला. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान त्याच्या विरोधकांचा आला, तर राज्य नक्की कोण चालवतं? आमच्या ऑफिसात असा वाद सात जन्मांत व्हायचा नाही. काकांनी घसा साफ केला.

"हे जरा सावकाश सांगावं लागेल," ते म्हणाले. "तू घाईत नाहीस ना?"

माझं स्टेशन आलं होतं, दारं उघडली होती. बिल्कुल नाही, असं म्हणून मी बसून राहिले.