शेवटचे सहा

माझा धाकटा भाऊ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतो. घरात आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण मीठ मागतानाही तो आधी मिठाची गरज समजावून सांगतो. नोकरी पक्की नाही. दर सत्राला विभागप्रमुख नव्याने नेमणूक देतात आणि तोवर याचा जीव टांगणीला असतो. मी रुग्णालयात नर्स आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलेली माणसं मला नवीन नाहीत, पण हा घरात बसून लावतो.

त्याच्या विभागात ग्रेड कशी देतात हे ऐकाल तर कपाळावर हात माराल. पेपर तपासायचे, गुणांप्रमाणे साठ जणांना वरपासून खालपर्यंत रांगेत लावायचं, आणि शेवटच्या सहांना नापास करायचं. त्या सहांना गुण किती पडले, हे कुणी विचारत नाही. मी एकदा म्हटलं, "वॉर्डातले सगळे बरे झाले तरी सहा जणांना आजारी ठेवा, असं आमचे डॉक्टर अजून तरी म्हणाले नाहीत." तो म्हणाला, "ताई, ते वेगळं."

या वर्षी वर्गात एक मुलगी होती, गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली. ही तिची शेवटची संधी. आता उडाली तर विद्यापीठातून नावच कमी होणार. तास संपला की ती मास्तरांना जिन्यात गाठायची. शेवटी त्याने तिच्यासाठी शनिवारी जादा तास सुरू केला. पुढच्याच शनिवारी ती मागच्या बाकावरच्या दोघांना ओढून घेऊन आली. "सर, यांच्याही डोक्यावरून जातंय," म्हणाली. हळूहळू निम्मा वर्ग यायला लागला. घरी जेवताना हा ताटात बोटाने मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायचा. इतकं खुललेलं मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

परीक्षा झाली. पेपर तपासताना तो मला हाका मारून उत्तरं वाचून दाखवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी वा वा करायची. मुलीला सत्तावन्न गुण पडले. गेल्या वर्षी त्रेचाळीसवाला पास झाला होता. "सुटली बिचारी," मी म्हटलं. त्याने वर्गाची यादी पुढे ओढली. रांग लावली तेव्हा ती खालून सहावी आली होती. तिच्या लगेच वर अठ्ठावन्न आणि एकोणसाठ, म्हणजे तिनेच आणलेले ते दोघं.

मास्तर विभागप्रमुखांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्यांना जमला म्हणजे तुमचा पेपर सोपा होता. आणि ग्रेड सगळ्यांनाच वाटली तर तिला किंमत काय राहील? टंचाई असली तरच किंमत, पहिल्या धड्यात हेच शिकवता ना?" मग सहज आठवल्यासारखं विचारलं, "पुढच्या सत्रात आहात ना आमच्याकडे?"

हा निकालपत्रावर सही करून आला.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. "शेपूट घातलीस! तिने तुझ्याकडे शिकायला यायचं, तू सगळ्यांना चांगलं शिकवायचं, आणि तुझ्या चांगल्या शिकवण्यानेच तिने बुडायचं? हे कुठलं शास्त्र?"

"ताई, मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती."

"मग करू द्यायची होतीस दुसऱ्याला!"

खरं सांगायचं तर, त्याची नोकरी गेली असती तरी पहिली मीच बोलले असते. ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. म्हणून तर माझा आणखी संताप झाला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, मी दिलेलं पाणी प्यायली. डोळे कोरडे होते. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"सर, मी सगळ्यांचे गुण मांडून पाहिले," ती म्हणाली. "ते दोघं शनिवारी आले नसते, तर मी पास झाले असते. बरोबर ना?"

याने आता धडधडीत खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. मी ओट्याशी खाकरलेसुद्धा. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की याला खरं उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

"बरोबर," तो म्हणाला.

तिने मान हलवली. एखादं गणित जमलं की नाही एवढंच तपासायला आल्यासारखी पिशवी उचलून उठली. दारापर्यंत जाऊन थांबली.

"ते दोघं खाली उभे आहेत, सर. कालपासून मला एकटीला सोडत नाहीयेत. त्यांनी तुम्हाला विचारलं, तर माझा पेपरच वाईट होता म्हणून सांगाल?"

"सांगेन," मास्तर म्हणाला.