सिंचनाचा हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. मराठीत लिहितेय, कारण मी शिकवते त्या शाळेत मराठी वाचणारं कोणी नाही. बघा ना — कबूल करतानाही आडोसा शोधतेय.

बी.एड.च्या शेवटच्या लेसनची गोष्ट. बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर येऊन बसतात, आपण शिकवायचं, आणि शिक्षिका होणार की नाही ते ठरतं. मला तर वर्गाचीच भीती वाटायची. सरावाच्या लेसनमध्ये दोनदा माझा आवाजच फुटला नव्हता. आमच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, तुझ्यापेक्षा हा पंखा जास्त बोलतो. सगळे हसले. मीही हसले — काय करणार?

आमच्यात एक रीत होती, अजूनही असेल. परीक्षेचा लेसन आदल्या दिवशी त्याच वर्गाला शिकवून ठेवायचा. कोणता प्रश्न कोणाला, उत्तर काय, सगळं ठरलेलं. आमचे लेसन व्हायचे त्या येलहंक्यातल्या शाळेत मुलांना ते सवयीचं होतं.

माझा विषय होता हृदय. चित्रात हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. हे मला माहीत होतं. खरंच माहीत होतं. पण थर्माकोलच्या मॉडेलवर नावांच्या पट्ट्या मी उलट्या चिकटवल्या. आदल्या दिवशी ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. परीक्षेच्या दिवशी, ठरलेलं नसताना, सिंचना नावाच्या मुलीने हात वर केला.

“मिस, लेफ्ट-राइट उलटं झालंय.”

उद्धटपणे नाही. हळू, जपून — मी बोलते तशी. मी मॉडेलकडे पाहिलं आणि मला लगेच कळलं. हे लक्षात ठेवा, मला कळलं होतं. मागे परीक्षकांचं पेन थांबलं होतं. ‘बरोबर आहे तुझं’ — एवढंच म्हणायचं होतं ना?

मी वर्गाकडे वळून विचारलं, कोण बरोबर, ही की मी?

“यू, मिस,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

काल ती आलीच नव्हती, हे मला तेवढ्यात आठवलं. तेही वापरलं. म्हटलं, घरी बसलं की असं होतं. माझा आवाज अजिबात कापला नाही. कोणीतरी फिसकन हसलं. सिंचना खाली बसली, आणि छातीवर हात ठेवून बराच वेळ चाचपत राहिली — एकदा या बाजूला, एकदा त्या.

परीक्षक जाताना म्हणाले, वर्गावर पकड चांगली आहे. त्यांना चूक दिसली नव्हती? की दिसूनही —? मी पास झाले. अप्पांनी आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर म्हैसूरपाक ठेवला. आता माझा स्वतःचा वर्ग आहे. समोर एखादा हात वर आला, की आधी मी वळून फळ्यावरचं माझंच लिहिलेलं तपासते.

पण मी लिहायला बसले ती त्या लेसनसाठी नाही. तिथवरचं कदाचित कोणाला तरी सांगितलंही असतं.

निकाल लागायच्या आधी त्या वर्गाची चाचणी झाली आणि पेपर तपासायला माझ्याकडे आले. हृदयाचं चित्र काढून नावं द्यायची होती. ‘यू, मिस’ म्हणणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी पुस्तकातलं पाठ करून बरोबर लिहिलं होतं. सिंचनाने लिहिलं होतं, मी शिकवलं तसं. एकटीने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

वर्गाच्या बाई शेजारीच पेपर तपासत होत्या. गुण दिले असते, तर त्यांनी कारण विचारलं असतं.

मी फुली मारली. आणि खाली, लाल पेनाने, स्वच्छ अक्षरात लिहिलं — वर्गात लक्ष देत जा.