बोरी अरबची भरती-ओहोटी

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना पर्यावरणाचा प्रकल्प द्यावाच लागतो. नाही दिला तर त्या विषयात नापास. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात उन्हाळ्याच्या तोंडाशी या फायलींचा ढीग माझ्या टेबलावर येतो आणि माझं डोकं फिरायला सुरुवात होते. कारण निम्म्या फायली एकाच छापाच्या असतात. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार माल मिळतो, गावाचं नाव तेवढं बदलून देतात.

त्या वर्षी ढिगात एक फाइल बोरी अरबच्या मुलीची होती. रोज एसटीनं यायची, पहिल्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द काढायची नाही. मला ती फार आवडायची. फायलीवर सुबक अक्षरात 'माझ्या गावाचे पर्यावरण' असं लिहिलेलं. आत तिसऱ्या पानावर, बोरी अरबच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी मासेमारी नौका परत येतात, असं छापलेलं. मला चहाचा ठसकाच लागला. चारी बाजूंनी कापूस आणि तूर असलेल्या गावाला या पोरीनं समुद्र आणून दिला होता. आधी पोट धरून हसले, मग संतापले, आणि तिला बोलावून घेतलं.

मी चांगलंच तोंडसुख घेत होते. ती खाली मान घालून उभी. फाइल उघडूनही पाहिली नव्हती, हे तिनं कबूल केलं.

"काहून केलं वं असं?" मी विचारलं. रागावले की माझं माहेरचं, नेरचं बोलणं आपोआप बाहेर येतं.

"आमच्या गावात लिवासारखं काय हाये, मॅडम?"

माझा राग तिथंच निम्मा उतरला. पण ही फाइल पास करणार नाही, हे मी सांगितलं, तशी ती रडायला लागली. एक विषय जरी राहिला तरी पुढचं वर्ष नाही, अशी बापाची ताकीद होती. मला वाईट वाटलं. तरी फाइल परतच दिली. मार्क पाठवायला आठवडा होता.

मग सहज विचारलं, घरी स्वयंपाक कशावर होतो. गॅस आहे म्हणाली, पण त्यावर फक्त चहा. बाकी सगळं चुलीवर, पऱ्हाटी जाळून. कापूस वेचून झाला की शेतातली वाळली झाडं उपटून घरोघरी रचून ठेवतात, तीच ती. गॅस असताना चूल कशाला, ते मात्र तिला सांगता येईना. म्हटलं, मग जा आणि विचार. आणि जो सांगेल त्याचं नाव लिही. दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून खपवायचं नाही.

तो आठवडा तिच्यापेक्षा मीच जास्त घालमेलीत काढला. परीक्षा नेमकी कोणाची आहे, असं म्हणून नवऱ्यानं मला रोज चिडवलं.

शेवटच्या दिवशी ती आली. हातानं लिहिलेली मोजकीच पानं. माझं सांगणं तिनं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. 'भाकर चुलीवरच फुगते, असे मोठी आई सांगते.' 'सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवतो, असे शेजारची काकू सांगते.' वाक्यागणिक कोणी ना कोणी सांगणारं होतंच. गालातल्या गालात हसत मी वाचत गेले. शेवटच्या पानावर मात्र होतं, 'धुराने डोळे चुरचुरतात. हे मला कोणी सांगितले नाही. मला माहीत आहे.'

मला भरून आलं. ते लपवायला मी घाईघाईनं मार्क टाकले आणि ती पास झाल्याचं सांगितलं. वाटलं, आता ही उड्या मारत जाईल. ती हललीच नाही.

"पन मॅडम," ती म्हणाली, "विषय तं तुमी देल्ला. ते लिवाचं राह्यलं."

मी नको म्हणायच्या आत तिनं माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'हा विषय मला सुचला नव्हता. मॅडमनी विचारले म्हणून सुचला.'

या फायलींवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव दर वर्षी शेकड्यानं छापून येतं. मी मार्गदर्शन केलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं.