अंधारात उमलणारं लाल

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी रंग जुळवायचं काम करते. व्यापारी कापडाचा तुकडा पाठवतो, त्याच्यासारखा रंग मी आधी छोट्या भांड्यात काढून दाखवते आणि तो पसंत पडला की मग मोठ्या मशीनवर सगळं कापड त्यात निघतं. हे काम इतकी वर्षं केल्यावर सवयच लागते. काहीही पाहिलं की डोकं आधी त्याचा रंग फोडायला लागतं, यात पिवळा किती, निळा किती. त्या दिवशी माशांच्या दुकानात माझे पाय थांबले ते या सवयीमुळेच.

आमच्या डिंडोलीच्या घरात, पुढच्या खोलीत, समुद्राच्या पाण्याची एक टाकी आहे. समुद्राच्या म्हणजे आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून घरीच केलेल्या. नाद मूळचा नवऱ्याचा. पण तो पर्वत पाटियाच्या कापडबाजारात नोकरीला लागला, सकाळी गेला की दिवस मावळल्यावरच यायला लागला, आणि टाकी आपोआप माझ्याकडे आली. दोन नारिंगी मासे, थोडे खडक आणि खडकांवर मऊ, तपकिरी प्रवाळं. ती बिचारी काही मागत नसत. त्यांच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. आपण फक्त वेळेवर दिवा लावायचा.

दुकानात मी मीठ आणायला गेले होते. मागच्या बाजूला, दिवा नसलेल्या टाकीत, एका खडकाच्या पोटाला काहीतरी लाल चिकटलं होतं. सुकलेल्या मिरच्यांचा झुबका उलटा टांगावा तसं. पण तो लाल! नवरीच्या शालूचा, देवीच्या चुनरीचा, शाळेच्या स्वेटरचा, असे कितीतरी लाल मी काढले आहेत. हा मला फोडता येईना. बाहेरून रंगवलेला वाटतच नव्हता, आतून आलेला वाटत होता.

दुकानदार वयस्कर गुजराती गृहस्थ. गिऱ्हाइकाला माल घेऊ नको म्हणणारा दुकानदार मी सुरतेत तोवर पाहिला नव्हता.

"बेन, आ रहेवा दो," ते म्हणाले. "आ नहीं जीवे."

मग त्यांनी हिंदीत नीट समजावून सांगितलं. हेही मऊ प्रवाळच, पण याच्या अंगात ते शेवाळ नसतं. उजेड याला काहीच देत नाही. पाण्यातून वाहत येईल ते पकडून खायचं, एवढंच याला येतं. समुद्रात अन्न अखंड वाहत असतं. घरच्या टाकीत ते कोण वाहवणार? दोन-चार दाणे कधीतरी टाकून चालत नाही, दिवसातून बऱ्याच वेळा, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक अन्न द्यावं लागतं. आणि तेवढं अन्न टाकलं की पाणी खराब होतं. "लोग ले जाते हैं, दो-तीन महीने में भूखा मर जाता है," ते म्हणाले.

मी घेऊन आले. का, ते मला नवऱ्यालाही सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मिरची आणलीस होय?" तेव्हापासून घरात तिचं नाव मिरची.

खडकाची एक कपार पाहून तिथे तिला उलटी लावली, पाण्याची धार बरोबर अंगावरून जाईल अशी. अन्नाची तयारी सुरू केली. खिडकीत सोडावॉटरच्या बाटल्या ओळीने मांडल्या, त्यात खारं पाणी आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचं विरजण घातलं, हवेच्या नळ्या सोडल्या. आठवडाभरात पाणी हिरवंगार झालं. वरच्या मजल्यावरची ओडिया वहिनी, तिचा नवरा लूमवर कामाला, मला जिन्यात म्हणाली, "दीदी, आप रोज़ पालक का जूस पीती हो?" त्या हिरव्या पाण्यावर मग दुसऱ्या बाटलीत पांढरे जीव वाढवले. उजेडासमोर बाटली धरली तर धूळ पोहते आहे असं वाटतं, इतके बारीक.

सगळं केलं. मिरची उघडली नाही. कामावरून आले की टाकीच्या उजेडात मी समोर बसायची, ड्रॉपरने हिरवं पाणी तिच्या अंगावर सोडायची आणि ते तसंच वाहून जाताना पाहायची. ती सुकलेली, आखडलेली. दिवसेंदिवस थोडी लहानच होत चाललेली. दुकानदाराचे शब्द खरे होणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सासूबाई धुळ्याकडच्या. सासरे मिलमध्ये लागले तेव्हा त्यांच्याबरोबर सुरतेत आल्या, पण घरात बोलतात अजून अहिराणीच. ऑपरेशननंतर त्यांना उजेड सोसेना. पडदे ओढून घेतले. टाकीच्या निळसर दिव्याने तर डोळ्यात पाणीच यायचं, म्हणून दिवसा तो बंद ठेवायचा आणि मी घरी आल्यावर थोडा वेळ लावायचा, असं ठरलं. दिवसभर त्या काळा चष्मा लावून, अंधाऱ्या खोलीत, टाकीपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून असायच्या. बघायला दुसरं काही नव्हतंच.

एका दुपारी लॅबमध्ये त्यांचा फोन आला.

"तुनं लाल झाड फुलनं व माय!"

"आई, काय फुललं?"

"तेच. मिरची. बठ्ठं पांढरं पांढरं फुलनं शे."

मिरची तर लाल. मी घाबरले. डोळ्यात काही बिघडलं असणार. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला तर मिरची होती तशीच आखडलेली. नवऱ्याने डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, आईला लाल वस्तूवर पांढरी फुलं दिसतायत म्हणून. पलीकडून विचारणा झाली, दुखतंय का, धूसर दिसतंय का? आई हातवारे करून नाही नाही म्हणत होत्या. शेवटी नवऱ्याच्या हातातून त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मी खोटं नही सांगस. फूलच शेत ते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी मी अर्धी सुटी टाकून दुपारी घरी आले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसेना. आईंनी माझा हात धरून मला टाकीसमोर बसवलं. "थांब. डोळा बसू दे," त्या म्हणाल्या. पंपाचा हलका आवाज तेवढा येत होता. हळूहळू काचेमागचा अंधार निवळला.

कपारीखाली मिरची नव्हती. तिथे एक झाड होतं. आखडलेली बोटं पाणी पिऊन फुगली होती, दुप्पट-तिप्पट झाली होती, आणि प्रत्येक बोटावर पांढरी, काचेसारखी फुलं दाटीने उघडली होती. धार अंगावरून जाईल तशी ती सगळी एकदम झुकत आणि एकदम सावरत. इतके दिवस मी ज्याला मरताना पाहत होते ते रोज मी कामावर गेल्यावर उमलत होतं, आणि मी येऊन दिवा लावला की मिटत होतं.

"कसं वाटनं?" आईंनी विचारलं. मी काचेला नाक टेकवून बसले होते. त्या हसल्या. "मले बी आसंच व्हयनं व्हतं."

माझ्या पर्समध्ये कापडाचे धागे मोजायचं छोटं भिंग असतं. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जॉर्जेटची चिंधी दुमडून बांधली, त्या मंद उजेडात भिंग काचेला टेकवलं आणि एका फुलावर डोळा लावला. फुलाला आठ हात होते. प्रत्येक हाताच्या दोन्ही कडांना झालर, पक्ष्याच्या पिसासारखी. मी शेजारचं फूल पाहिलं, आठ. वरच्या बोटावरचं पाहिलं, आठ. ड्रॉपरने त्या पांढऱ्या जिवांचं पाणी धारेत सोडलं. ते ठिपके तरंगत आले, एक ठिपका एका हाताला अडकला, आणि तो हात घडी घालून आत गेला. घास घ्यावा तसा. मग परत उघडला. मग शेजारचा मिटला. बघता बघता सगळ्या झाडावर जेवण सुरू झालं, ना दात, ना आवाज, ना घाई. रोज मोजमापात वावरणारी मी बाई, पण त्या दुपारी भिंगाला लावलेला डोळा मला काढवेना. आपण कुठल्यातरी देवळाच्या गाभाऱ्यात चुकून शिरलोय असं वाटत राहिलं.

मी भिंग आईंना दिलं. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला काही टेकवू नका म्हणाले, तर त्यांनी दुसऱ्या डोळ्याला लावून पाहिलं, धूसर दिसलं, आणि चिडून परत दिलं. "राहू दे. मले भिंगबिना दिसस."

त्या दिवसापासून दिवसाचं जेवण त्यांच्याकडे गेलं. डोळा बरा झाला, काळा चष्मा सुटला, पण पडदे ओढलेलेच राहिले; तपकिरी प्रवाळांसाठी दिवा आता रात्री लागायचा. थोडं थोडं करून दिवसभर घालायचं, एकदम ओतायचं नाही, एवढं मी सांगितलं. बाकी त्यांनीच बसवलं. भाजी निवडून झाली की एकदा, सीरियल संपली की एकदा. पाणी खराब होऊ नये म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी काढून नवं घालत होते, कंबर मोडून यायची. मिरचीने मात्र जीव धरला. आखडलेली असतानाही आता तिची बोटं जाड दिसत.

मग उन्हाळा आला. सुरतेचा उन्हाळा दमट, घाम वाळू न देणारा. टाकीच्या पाण्यावर पंखे लावले होते, त्यावर कसंबसं निभावत होतं. एके दिवशी सकाळी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. इन्व्हर्टर दुपारपर्यंत चालला आणि बसला. पंप बंद, पंखे बंद. आईंचा फोन आला तेव्हा मी रंगाईच्या मोठ्या मशीनपाशी होते, ऐकूच आला नाही. नंतर पाहिलं तर त्यांचे कितीतरी कॉल. मी रिक्षा करून सुटले. धार थांबलेलं, तापत चाललेलं पाणी आणि त्यात तो जीव. वाटेत बमरोलीच्या फाटकाशी ट्रॅफिक तुंबलेलं. मी मनातल्या मनात सगळं संपवूनच टाकलं होतं.

घराचं दार उघडं होतं. आत गल्लीतल्या चार-पाच बायका टाकीभोवती बसलेल्या. ओडिया वहिनी स्टुलावर उभी राहून स्टीलच्या मगाने पाणी उचलून वरून सोडत होती, पुन्हा उचलत होती, पुन्हा सोडत होती. पाण्यात बर्फाची बंद बाटली तरंगत होती. फ्रीज तर सगळ्यांचेच बंद, मग बर्फ कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून आणलेला. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, हिंदी आणि अहिराणी एकत्र करून.

"धीरे डाल व! उसकू लागेगा!"

"दीदी, हम दोपहर से कर रहे हैं," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. "एक थकती है तो दूसरी। देखो न, देखो!"

मी पाहिलं. मगातून पडणाऱ्या पाण्याने टाकीत हळुवार भोवरा फिरत होता आणि त्या भोवऱ्यात, खिडकीच्या फटीतून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात, मिरची पूर्ण उघडली होती. इतकी मोठी मी तिला कधीच पाहिली नव्हती. एकीने डोक्यावर पदर घेतलेला मला दिसला. "ये पौधा है कि जानवर?" कोणीतरी अगदी हळू विचारलं. मी सांगितलं, "जानवर." मी वहिनीच्या हातातला मग घेतला आणि तिला खाली बसवलं.

दिवेलागणीला लाइट आली. टाकीचा दिवा फटकन पेटला आणि मिरची सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिटायला लागली. "अरे, बंद करो, बंद करो!" बायकांनी एकच गलका केला. त्यानंतर मी दुसरा, बॅटरीवर चालणारा पंप आणला. पण वीज गेली की वहिनी अजूनही आधी आमच्या दारात येऊन विचारते, "मग लाऊँ?"

परवा, पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. सकाळी मी काच आतून पुसत होते. मिरचीच्या खडकापासून दूर, पाण्याच्या नळीच्या तोंडाशी, एक लाल ठिपका दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. मला वाटलं घाण, नखाने काढायला गेले आणि हात आवरला. तो लाल मी ओळखला. भिंग आणलं. दाण्याच्या टोकाला एकुलतं एक पांढरं फूल होतं, आणि त्याला सगळेच्या सगळे आठ हात. एवढासा जीव मूळ झाड सोडून वाहत गेला होता, स्वतःची जागा शोधून चिकटला होता, आणि धारेत हात पसरून उभा होता. त्याला कोणी काही दाखवलं नव्हतं.

मी आईंना हाक मारली. त्या कणकेचे हात तसेच घेऊन आल्या आणि काचेपाशी वाकल्या.

"याले बी खाऊ घालनं पडी," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

मी त्या दिवशी कामावर उशिरा पोचले.