काकूंचं मत

मजलेकाकांचं खरं नाव ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, ते माणूस त्यांना ‘अहो’ म्हणायचं. बाकी जगाला ते मजलेकाका. उभं आयुष्य एका सातमजली कचेरीत लिफ्ट चालवली. स्टुलावर बसायचं, तोंड दाराकडे, आत येणाऱ्याला बघून मान डोलवायची आणि उजवा हात न बघता बटणांकडे न्यायचा. तळमजल्याचं लाल बटण बाजूला वेगळं. बाकीची सात एकाखाली एक, सगळ्यात खाली पहिला मजला, सगळ्यात वर सातवा. कुणी ‘तिसरा’ म्हटलं की बोट खालून तिसऱ्यावर जाऊन थांबलेलंच. गप्पा मारताना, शिंकताना, साहेबांच्या शिव्या खातानासुद्धा. कधी चुकीच्या मजल्यावर दार उघडलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान. पुढे आपोआप चालणारी लिफ्ट आली आणि स्टूल भंगारात गेलं. पण कुणी आकडा उच्चारला की हात जरा हलायचा, तो शेवटपर्यंत हलत राहिला.

काकू त्यांच्या वरताण. घरबसल्या लोकांचे कपडे शिवायच्या आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. काकांनी चुकीचा बल्ब आणला, बोला. दाराला कडी लावायला विसरले, बोला. जिन्यालगतच्या बिऱ्हाडांना घड्याळ लावायची गरज नव्हती, काकूंचा आवाज चढला की काका बाजारातून परतले असं समजायचं. काका ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, “झालं? आता चहा टाक.” की ती चहा टाकायची आणि वर पुन्हा दोन शब्द. असा त्यांचा सुखाचा संसार. हसू नका, खरंच सुखाचा होता.

एका बाबतीत मात्र त्या बाईच्या तोंडाला कुलूप. मत कुणाला दिलं हे त्यांनी नवऱ्याला जन्मात सांगितलं नाही. काकांचं सगळं उघड. त्यांचे ते वकीलसाहेब, दर निवडणुकीला तेच, आणि महिनाभर आधीपासून घरात त्यांचंच कौतुक. काकू ऐकायच्या, सुईत दोरा ओवायच्या आणि केंद्रावरून परतताना काका खोदून खोदून विचारायचे तेव्हा म्हणायच्या, “माझ्याजवळ माझं म्हणून एवढंच आहे. ते तरी राहू द्या.” काका चिडवायचे, पण आतून त्यांना त्याचा धाक वाटायचा.

मग साखरेच्या आजाराने काकूंची नजर गेली. आधी दोरा ओवता येईना, मग माणसं ओळखता येईनात, मग काहीच नाही. त्यानंतरच्या निवडणुकीला काका त्यांना हाताला धरून केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या माणसाला नियम धड ठाऊक नव्हता की अक्कलच नव्हती, देव जाणे. सगळ्या रांगेसमोर त्याने मोठ्याने विचारलं, काकू, कुणाला द्यायचंय ते बोला, मी दाबतो. आंधळ्या माणसाला ऐकूही कमी येतं असं या लोकांना का वाटतं कोण जाणे. काकू तशाच मागे फिरल्या. मत न देता घरी आल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी त्यांना रडताना बघितलं.

म्हणून या खेपेला घरून फोनवर मत देण्याची सोय निघाली तेव्हा सगळ्यात जास्त हरखले ते काका. वाचनालयात माहितीची सभा होती, तिथे ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. निवडणूक कचेरीतून आलेल्या बाईंनी फळ्यावर चौकोन काढून समजावलं. याला ब्लॉकचेन म्हणतात. प्रत्येक मत बंद डबीत, प्रत्येक डबी पुढच्या डबीला साखळीसारखी जोडलेली, आणि त्या अख्ख्या साखळीची नक्कल ठिकठिकाणच्या हजारो कॉम्प्युटरांत. एकाने कुठे खाडाखोड केली तर बाकीचे सगळे लगेच पकडतात. एकदा पडलेलं मत मंत्र्यालाही पुसता येत नाही, बदलता येत नाही, आणि कुणाचं कुठलं हे कुणालाच कळत नाही.

काकांनी घरी येऊन हे सगळं काकूंना ऐकवलं. साखळी म्हणजे तुझ्या साखळी टाक्यासारखी गं, म्हणाले. काकू अंथरुणावरूनच म्हणाल्या, साखळी टाक्याचं टोक ओढलं तर सगळी शिवण उसवते, कसलं कौतुक सांगता. पण काकू हसल्या होत्या. तेव्हा त्या उठत नव्हत्या, मूत्रपिंडं गेली होती, बोटं सुजून फोनच्या काचेवर चालत नव्हती. डॉक्टरांनी काय ते काकांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. हे शेवटचं मत आहे हे दोघांनाही कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ते कुणाला कळू न देता, आपल्या मनासारखं पडावं, एवढीच त्या बाईची इच्छा उरली होती.

मत द्यायला शिकवणाऱ्या त्या बाई घरी येऊन काकूंचा फोन लावून देऊन गेल्या. दारात चपला घालताना त्यांनी काकांना सांगितलं की न दिसणाऱ्यांसाठी वेगळा पडदा आहे. नावं फक्त इअरफोनच्या कानातल्या बोंडात ऐकू येतात. पडद्यावर एकाखाली एक कोरे चौकोन, नाव नाही, चिन्ह नाही. काकू जो नंबर सांगतील तो तुम्ही दाबायचा. म्हणजे मदत करणाऱ्यालाही काही कळत नाही. काकांना ती युक्ती फार आवडली. त्यांनी उमेदवारांची यादीही मुद्दाम पुन्हा वाचली नाही. आपलं मत त्यांनी आपल्या फोनवर सकाळीच चिन्ह बघून देऊन टाकलं होतं.

आणि इथे काकांनी एक मूर्खपणा केला. कोऱ्या चौकोनांची गोष्ट त्यांनी काकूंना सांगितलीच नाही. का? तर मोठेपणा हवा होता. बायकोचं गुपित समोर उघडं पडलंय आणि हा सज्जन माणूस मान वळवून बसलाय, असं तिला वाटावं. एवढ्या वर्षांच्या संसारात शाबासकी तशी कमीच मिळाली होती.

दुपारची वेळ होती. काकांनी काकूंच्या कानात बोंडं बसवली, फोन मांडीवर घेतला आणि म्हणाले, “सगळी नावं माझ्या पुढ्यात आहेत. पण मी बघत नाही हं, भिंतीकडे तोंड करून बसलोय. तू नुसता नंबर सांग.”

“बघणार नाही ना?”

“अगं, लिफ्टवाला आहे मी. तू मजला सांग, मी दाबतो.”

काकू कानातली यादी ऐकत होत्या. सात उमेदवार होते, ओठ हळूहळू हलत होते. मग म्हणाल्या, तिसरं. काकांचं बोट गेलं आणि टेकलं. काकू थांबल्या. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण आजारपणात तसं येतच होतं. पडद्यावर हिरवं बटण आलं. काकांनी विचारलं, बरोबर? काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दाबा.” काकांनी दाबलं. काकूंनी कानातली बोंडं काढायला सांगितली आणि भिंतीकडे कूस वळवली. दमली बिचारी, असं म्हणून काकांनी चादर ओढली आणि स्वतःसाठी चहा टाकला. तो चहा त्यांना फार गोड लागला.

त्यानंतर काकू थोडेच दिवस होत्या. पाणी, चादर, खिडकी, एवढंच बोलायच्या. सकाळचं औषध काकांनी एकदा संध्याकाळी दिलं तर मुकाट्याने घेतलं, एक अक्षर नाही. काकांना वाटलं, शेवटी शेवटी माणूस निवतं. एका पहाटे त्या गेल्या. आठवड्याने निकाल लागला, वकीलसाहेब दणक्यात निवडून आले. जिन्यात कुणीतरी काकांना ती बातमी दिली तेव्हा त्यांनी मान डोलवली आणि दार लावून घेतलं.

मग एका सकाळी त्या शिकवणाऱ्या बाई पुन्हा आल्या. न दिसणाऱ्या मतदारांना ही सोय कशी वाटली, काय अडलं, हे घरोघरी विचारत फिरत होत्या. काकू गेल्याचं कळल्यावर त्या दारातच ओशाळल्या. पण काकांनी त्यांना आत बसवलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी काकूंबद्दल विचारत होतं. ते उत्साहाने सांगत सुटले. काही अडलं नाही बघा, पटकन झालं. ती म्हणाली तिसरं, आणि बटणं दाबण्यात तर माझी हयात गेली. बाईंनी हसून आपल्या फोनवर तोच पडदा काढला, सरावाचा, नावं तीच, क्रम तोच. म्हणाल्या, कसं दाबलंत ते दाखवा, आम्हाला बघायला बरं. आणि एक बोंड काकांच्या कानात दिलं.

काकांनी आधी यादी ऐकली. तिसरं नाव आलं तेव्हा ते चमकले. नर्सबाई. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई दर वेळी एकटीच्या बळावर निवडणुकीला उभ्या राहायच्या आणि पडायच्या. काकांनी त्यांची किती टिंगल केली होती, घरात, काकूंसमोर. म्हणजे इतकी वर्षं ही होय. काकांचे डोळे भरून आले, पण ओठांवर हसूही आलं. लबाड गं, असं ते पुटपुटले. आणि तशाच भरल्या डोळ्यांनी त्यांनी बोट टेकवलं.

कानात वकीलसाहेबांचं नाव आलं.

त्यांना वाटलं फोन बिघडला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वकीलसाहेब. बाईंनी वाकून बघितलं आणि सहज म्हणाल्या, काका, तुम्ही पाचवं दाबताय. तिसरं वरून मोजायचं. तुम्ही खालून मोजलंत.

काका हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, हे नाव तिलाही ऐकू आलं असेल का? बाईंनी जीभ चावली. पण खोटं बोलणार कशा? ऐकू आल्याशिवाय हिरवं बटण येतच नाही, म्हणाल्या. नको असेल तर कितीही वेळा मागे जाता येतं, तेवढ्यासाठीच ते ठेवलंय.

मग काका नको ते बोलू लागले. माझं मत काढा, तिचं नर्सबाईंकडे घाला. मी सही देतो, अंगठा देतो. बाईंनी त्यांचा हात धरला. ते कुणाच्याच हातात नाही, काका, त्या म्हणाल्या, आणि वाचनालयात ज्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या, एकदा पडलेलं मत मंत्र्यालाही पुसता येत नाही, तेच त्यांना आता खाली मान घालून सांगावं लागलं. आणि तसंही एका मताने निकाल काही बदलला नसता, असं त्यांनी समजुतीचं म्हणून जोडलं. निकाल कोणाला हवा होता? चुलीत गेला निकाल.

“तुमची चूक झाली हे त्यांना समजलं असेल,” बाई म्हणाल्या. “म्हणून बोलल्या नसतील. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

काकांनी मान हलवली. परक्या बाईला काय सांगणार? पण सांगितलं.

“चूक वाटली असती तर ओरडली असती हो. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी. चुकीला तिने मला कधी सोडलं नाही. आमच्या पोरीच्या लग्नाच्या खर्चासाठी मी तिला न विचारता तिचं शिवणाचं मशीन विकलं होतं. ती नाही ओरडली. ब्र काढला नाही. वर्षभर पाणी, जेवण, दार, एवढंच बोलायची. मुद्दाम केलं की ती गप्प बसायची.”

काका आपलेच पुटपुटत होते. नावं पुढ्यात आहेत असं मीच सांगितलं. बघत नाही म्हणालो. आणि तिच्या कानात माझाच माणूस. तिने काय समजायचं? शेवटी तिच्याजवळ एवढंच होतं, तेही मी चोरलं असं समजून ती गेली. आणि तरी ‘दाबा’ म्हणाली. घ्या तुम्हाला हवं ते, म्हणून ‘दाबा’ म्हणाली.

बाई पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवून निघाल्या. काकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, जिना जपून उतरा म्हणाले. दार लावून ते आतल्या खोलीत गेले. पलंगावरची गादी उन्हात टाकलेली होती, नुसत्या फळ्या होत्या. त्या फळ्यांवर ते काकूंच्या बाजूची जागा मोकळी सोडून बसले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “अगं, खालून मोजलं मी.”

ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. जिन्यात शेजारीण भाजी घेऊन चढत होती, तिला वाटलं काका कुणाशी तरी भांडतायत, आणि ती पायरीवर थांबून जुन्या सवयीने काकूंच्या उत्तराची वाट बघू लागली.