डाव्या मडगार्डचा पोचा

मार्च लागला की आर्कालिक गावात चिखलाला तोटा नसतो. तरीही ओराझबेक तो बाटल्यांत भरून ठेवायचा. गुडघाभर बूट चढवून धान्यकोठाराच्या फाटकापाशी जायचा, चाकोरीतली माती खरवडून आणायचा, चुलीवर वाळवायचा, खलात कुटायचा आणि नायलॉनच्या मोज्यातून चाळायचा. शेजारचा गेना एकेकाळी त्याच्याच गॅरेजात ड्रायव्हर होता. खिडकीतून हे सगळं पाहून तो म्हणायचा, "लोक गाड्या धुतात. हा एक गृहस्थ गाडी मळवतो!"

मळवायची गाडी वितीपेक्षा जराशी मोठी होती. निळ्या केबिनचा, पांढऱ्या जाळीचा गाझ ट्रक. पूर्वी सुगीच्या दिवसांत असे ट्रक गव्हाने भरून कोठारापुढे रांगेत उभे असायचे. ओराझबेकने तो पत्रा, प्लास्टिक आणि टेलिफोनमधल्या केसाएवढ्या बारीक तारा यांतून उभा केला होता. एक्झॉस्टवर गंज दिसत होता तो रंगाचा नव्हता, खऱ्या नळकांड्यावरून खरवडून आणलेला होता. मागच्या फाळक्यांवर धान्याच्या फावड्यांचे ओरखडे होते. कपाटात अजून गाड्या होत्या, कामाझ, झिल, एक मॉस्कविच, पण त्या नुसत्या गाड्या होत्या. हा ट्रक रायखानचा होता.

रायखान त्याची बायको. तिला जाऊन आता बरेच हिवाळे झाले. ती सामुदायिक शेतीवर ट्रक चालवायची आणि ओराझबेक गॅरेजात पत्र्याचं काम करायचा. पहिल्याच सुगीत तिने कोठाराच्या फाटकाचा खांब डाव्या मडगार्डने ठोकरला आणि गाडी त्याच्यापुढे आणून उभी केली. त्याने हातोडी उचलली तर तिने त्याचं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली, "सगळ्या गाड्या निळ्याच. अंधारात माझी मला हाताने चाचपून ओळखता येते." मुकादम ओरडला, गॅरेजातली पोरं फिदीफिदी हसली. पोचा तसाच राहिला. त्या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालं.

पुढे सामुदायिक शेती मोडली, ट्रक भंगारात गेला, माणसं शहरांकडे पांगली. रायखान गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिचे कपडे वाटले गेले. कोट नणंदेला, शाली शेजारणींना. आलेल्या प्रत्येकीला कापडाचा एकेक तुकडा. ओराझबेकच्या वाट्याला तिच्या डोक्याच्या रुमालाची एक पट्टी आली, पिवळ्यावर बारीक लाल फुलं. ती त्याने या ट्रकच्या सीटवर चढवली. दार उघडून वाकून पाहिलं तरच दिसायची.

सगळ्यात जास्त छळलं ते पोच्याने. प्लास्टिक तापवून दाबलं की ते वितळायचं, चेपायचं नाही. कोरून काढलं की कोरलेलं दिसायचं. खोटा पोचा लगेच ओळखू येतो, त्यात धडक नसते. कितीतरी मडगार्डं फेकून दिल्यावर त्याने दुधाच्या डब्याचा पत्रा मेणबत्तीवर धरून मऊ केला, घडवला आणि एका खिळ्याच्या टोकाने एकदाच ठोकला. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. सापडला.

नवरोजच्या सणाला थोरली बहीण कामशात आली. सोबत तिचा मुलगा मादियार. मादियार कोस्तानाई शहरात एका सरकारी कचेरीत होता. अंगाने सुटलेला, बोलायला गोड. आल्याआल्या त्याने टेबलावर खोका ठेवला.

"मामा, तुमच्यासाठी."

आत रंगाची छोटी स्प्रे गन होती, कंप्रेसरसकट. ओराझबेकला खूप वर्षांपासून हवी होती, पण कधी कुणाजवळ बोलला नव्हता.

"कशाला रे एवढं?"

"घे मुकाट्यानं," कामशात म्हणाली. "जन्मभर ब्रशानं डोळे फोडलेस."

ओराझबेक लहान मुलासारखा हरखला. कणकेचे तळलेले बाउरसाक, घोड्याच्या मांसाचे काप, लोणी असं सगळं त्याने मांडलं आणि चहा ओतायला बसला. मादियार मात्र बसेना. हात पाठीमागे बांधून तो कामाच्या मेजापुढे उभा राहिला.

"हीच ना?" त्याने आईला विचारलं.

एवढ्यावरून ओराझबेकला कळलं की यांचं वाटेतच बोलणं झालेलं आहे.

"मामा, आमच्या साहेबांची साठी आहे," मादियार म्हणाला. "कॉलेजात असताना सुगीला त्यांनी असाच गाझ चालवला होता. अजून सांगत असतात. घरी काचेचं कपाट आहे, नुसत्या छोट्या गाड्यांनी भरलेलं. त्यात गाझ नाही."

"तो कामाझ घेऊन जा की. त्याची तर दारंही उघडतात."

"साहेबांनी कामाझ नाही चालवला, मामा."

"झिल घे."

"ओराझ," कामशात हळूच म्हणाली, "पोराची राजधानीला बदली अडली आहे. सून तिकडे, हा इकडे. बाळंतपण तोंडावर आलंय."

मादियार मेजापासून मागे आला आणि मामासमोर गुडघ्यांवर बसला. आता तो हसत नव्हता. "भाचा म्हणून मागतो," तो म्हणाला.

मग बोलायला काही उरत नाही. भाच्याने आजोळी तीनदा मागावं आणि आजोळाने तीनदा द्यावं. पहिल्यांदा मादियारने लहानपणी आजोबांचं शिंगरू मागितलं होतं. आजोबांनी दावं सोडून त्याच्या हातात दिलं आणि मग तबेल्यात जाऊन रडले. भाच्यावर हात उगारला किंवा त्याला विन्मुख पाठवलं तर मामाच्या हाताला कंप सुटतो, असं मानतात. ओराझबेकच्या चुलत्याने एकदा भाच्याला चाबूक मारला होता. पुढे जेवताना निम्मा रस्सा त्याच्या मिशांवर सांडायचा. पोरं हसायची, ओराझबेकही हसला होता.

"रायखान असती ना," कामशात म्हणाली, "तर तिनंच उचलून हातात दिली असती."

हे खरं होतं. त्याने चहाची किटली उचलली आणि मादियारच्या प्याल्यात ओतू लागला. ओतत राहिला. प्याला काठोकाठ भरला.

पाहुण्याला प्याला थोडासाच भरून द्यायचा असतो. मग तो पुन्हा मागतो, पुन्हा ओतायचा, असं बसणं लांबतं. काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा अर्थ एकच, आता उठा.

मादियारने प्याल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कामशातने झटकन प्याला उचलून स्वतःपुढे ओढला. "काय रे हे? पोराला हाकलतोस? सख्ख्या भाच्याला?"

"हात घसरला, आपा."

"तुझा हात?" ती म्हणाली. "तुझा हात कधी घसरलाय?"

त्याने दुसरा प्याला घेतला, घोटभर चहा ओतला आणि दोन्ही हातांनी मादियारपुढे धरला. "घेऊन जा," तो म्हणाला.

मादियारने त्याचे दोन्ही हात कपाळाला लावले. पोराच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तो वाईट असता तर बरं झालं असतं, असं ओराझबेकला वाटून गेलं.

थोड्या वेळाने मादियार पुन्हा ट्रकपाशी गेला. खाली वाकला, बोट लावलं, बोटाला माती लागली तशी पँटला पुसली. "मामा, एकच. ही अशी मळकी... आणि इथं ठोकर लागलीय. साहेबांना वाटेल, माझ्याच हातून पडली. जरा नवी कोरी करून द्या ना, कारखान्यातून निघाल्यासारखी. आता स्प्रे गन आहेच." मग आईकडे पाहून हसला. "ही तिसरी मागणी समजा. संपलं. मग मामा आमच्यातून सुटले."

"ती ठोकर..." ओराझबेक म्हणाला.

दोघंही थांबून त्याच्याकडे पाहू लागली.

"ती ठोकर काय?" कामशातने विचारलं.

सांगितलं असतं तर मादियारने ट्रक नेलाच नसता. कदाचित माफीही मागितली असती. आणि मग बदली अडली, सुनेचं काही बरंवाईट झालं, की सगळं त्या पोच्यावर येऊन थांबलं असतं. रायखानच्या पोच्यावर.

"काही नाही," तो म्हणाला. "पत्रा आहे. भरून काढावा लागेल. पुढच्या आठवड्यात ये."

दुसऱ्या दिवशी गेना आला. सणाचे उरलेले बाउरसाक खाता खाता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोंड पुसलं.

"सांग त्याला, हात थरथरतो म्हणून. म्हातारा झालास. कोण तपासायला येतंय?"

"खोटं सांगू?"

"तुमच्या रिवाजात खोटं बसत नाही आणि बायकोचा ट्रक साहेबाच्या कपाटात बसतो होय? माझ्या भाच्याने मागितला असता तर लाथ घालून..." गेना थांबला. ओराझबेक स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होता. गेनाने आवाज खाली आणला. "निदान सीटचं कापड तरी काढून घे रे."

गेना गेल्यावर त्याने दार उघडलं, चिमटा आत घातला आणि पिवळ्या कापडाची कड धरली. कड सुटेना. कापड सुरकुतू नये, कोपऱ्यांत फुगू नये म्हणून त्याने ते धाग्याधाग्यात गोंद मुरवून चिकटवलं होतं. जोर दिला तर फाटलं असतं. एक लाल फूल चिमट्यात अर्धं आलं आणि त्याने चिमटा सोडून दिला. कुणी तरी दुसऱ्याने वाईट काम करून ठेवलं असतं तर बरं होतं. काम त्याचंच होतं.

मग त्याने एक गोष्ट केली, जी गेनालाही कधी सांगितली नाही. रिकाम्या खोलीत तो मोठ्याने म्हणाला, "नाही देत." थोडा थांबला. "मादियार, नाही देत मी." आणि उजेडात हात पुढे धरून बोटं पसरली. चुलता त्याला आठवला, मिशांवरून ओघळणारा रस्सा आठवला. एक बोट जरी हललं असतं तरी त्याने गेनाला हाक मारली असती. हे बघ, मला जमत नाही, मी काय करू.

बोटं पत्र्यासारखी स्थिर होती.

त्याने ट्रक उलटा केला आणि ओल्या ब्रशाने माती धुऊन काढली. फाटकापाशी खरवडून आणलेली माती वाटीत गढूळ होऊन बसली. गंज पुसला, ओरखडे बुजवले. पोच्यात भरणी दाबली, ती सुकू दिली आणि बारीक कागदाने घासत राहिला. डोळे मिटून अंगठा फिरवला की अजून किंचित लागायचा. मग आणखी घासायचं. शेवटी अंगठा नुसता घसरत गेला, कुठेच अडला नाही. रायखानने मनगट धरून अडवलेलं काम त्याने पुरं केलं होतं. नव्या गनमधून निळा रंग धुक्यासारखा बाहेर पडला आणि इतका एकसारखा बसला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मादियार येऊन ट्रक घेऊन गेला. कापसात गुंडाळून, बाळासारखा.

एप्रिलमध्ये कामशातचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "झाली रे! बदली झाली! साहेब म्हणाले, असा गाझ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. फोटो पाठवलाय बघ. तुझे हात असेच शाबूत राहोत, ओराझ, शंभर वर्षं!"

"तुझ्या तोंडात साखर पडो, आपा," तो म्हणाला.

फोटोत काचेचं कपाट होतं, आणि मधल्या फळीवर निळा ट्रक. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. डाव्या मडगार्डवर दिव्याचा उजेड सलग पडला होता. काचेतून आतली सीट दिसते का, ते त्याने बराच वेळ पाहिलं. आत काळोख होता.

त्याने चहा केला. पाहुणा कुणी नव्हता. आपल्याच प्याल्यात तो ओतत राहिला, काठापर्यंत, काठाच्याही किंचित वर, चहाचा फुगवटा येईपर्यंत. मग प्याला उचलून तो खोली ओलांडून खिडकीपाशी घेऊन गेला. बाहेर गेना रस्त्यावर उभा राहून बुटांचा चिखल काठीने काढत होता. ओराझबेकने खाली पाहिलं.

थेंबही सांडला नव्हता.