लॉटी पावलकची उत्तरेकडची भिंत

गिल शिमेल शेजारच्या दुमजली घरात राहायला आला आणि आल्या आल्या त्याने दोन घरांच्या मधलं लायलकचं झुडूप मुळासकट उपटून टाकलं. त्याची जांभळी फुलं गाडीच्या काचेला चिकटतात, एवढंच कारण. झुडूप त्याच्या हद्दीत होतं हे खरं, पण दर मे महिन्यात त्याची फुलं लॉटी पावलकच्या स्वयंपाकघरात असायची, हेही खरं. त्या दिवसापासून लॉटीने गिलचं नाव घेणं सोडलं. ती त्याला 'तो' म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावर कळायचं.

बफेलो शहराच्या कडेला असलेल्या त्या गल्लीत लॉटीला भांडखोर म्हणणारे बरेच होते. तिचं आयुष्य शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना वाढण्यात गेलं होतं. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला ती वाढायची, पण आधी दोन शब्द ऐकवून. नवरा स्टॅन अगदी उलट, कुणाशीही हसून बोलणारा. फुप्फुसांच्या आजाराने तो गेला, आणि मग लॉटीला आवरणारं घरात कुणी उरलं नाही.

घराच्या भिंतींवर बाहेरून पांढऱ्या व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या होत्या. त्या स्टॅनने आणि त्याच्या भावाने, कॅझने, एका उन्हाळ्यात स्वतः ठोकल्या होत्या. आता भिंती रंगवायला नकोत, पुन्हा कधी रंगाचा ब्रश हातात धरायचा नाही, असं स्टॅन तेव्हा म्हणाला होता. पट्टीचं दुसरं टोक धरून खाली उभी राहायची ती लॉटी.

मार्चमधल्या एका सकाळी कचरा टाकायला ती उत्तरेच्या बाजूने गेली आणि जागीच थांबली. भिंत वितळली होती. मधल्या पाच-सहा पट्ट्यांना लाटा आल्या होत्या, एक तर मेणबत्तीसारखी खाली ओघळली होती. या बाजूला ऊन कधी येतच नाही. खाली शेवाळ धरतं. मग भाजलं कशाने? बर्फातसुद्धा बाहेर शेगडी पेटवून मांस भाजत बसणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

तिने त्याची घंटा दाबली आणि दार उघडल्यावर सरळ विचारलं, "तुझी शेगडी माझ्या भिंतीला लावून पेटवतोस काय?"

यंदा शेगडी ऑक्टोबरपासून मागच्या अंगणात झाकून ठेवलीय, असं गिलने सांगितलं. मग त्याने मान बाहेर काढून भिंतीकडे पाहिलं आणि तिच्याकडेही पाहिलं. "जुनी झालीय हो, मिसेस पावलक. वय झालं की सगळंच सैल पडतं."

त्या वाक्यावर लॉटी आठवडाभर जळत राहिली.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. शुक्रवारी कॅझ तिला चर्चच्या हॉलमधला तळलेला मासा खायला घेऊन जायचा. जेवून आल्यावर त्याने भिंत पाहिली, पट्ट्या दाबल्या, डोकं खाजवलं. ठोकण्यात काही चूक नव्हती, एवढंच तो छातीठोक सांगू शकला. लॉटीने ठरवलं, शेजारच्या 'त्या'ला रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं आणि थंडी कानाला चावत होती. ती कोट घालून, खुर्ची टाकून भिंतीसमोर बसली.

दुपारच्या सुमाराला तिच्या छपरावरून ऊन पलीकडे गेलं, गिलच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीवर आदळलं, आणि तिथून उलटून तिच्या भिंतीवर पडलं. मधोमध झळझळीत, कडांना फाटलेला असा उजेडाचा एक डाग होता तो, आणि भिंतीवरून हळूहळू सरकत होता. लॉटीने त्यावर तळवा ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. पायाखाली बर्फ होता, आणि भिंत तव्यासारखी तापली होती.

गिलने शरद ऋतूत सगळ्या खिडक्या नव्या बसवल्या होत्या. दुहेरी काच, उष्णता परतवणारा लेप. कॅझने चौकशी केली तेव्हा खिडक्या बसवणाऱ्या एका माणसाने सांगितलं की कडाक्याच्या थंडीत या काचा आतल्या बाजूला किंचित खोल होतात, आणि मग ऊन भिंगासारखं गोळा करून फेकतात. काचेवर बाहेरून बारीक जाळी लावली की संपलं.

लॉटीने बशीत लोण्याचा तुकडा ठेवला, बशी डागाच्या वाटेवर, भिंतीलगतच्या कट्ट्यावर ठेवली आणि गिलला बोलावून आणलं. लोणी पाघळून कडेला तडतडायला लागलं. गिल खिशात हात घालून बघत उभा राहिला.

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "खटला सूर्यावर भरा."

"जाळी लाव."

"आणि मी माझ्याच घरात अंधारात बसू? खिडक्या माझ्या, नियमात बसणाऱ्या. तुमची भिंत प्लास्टिकची, तो माझा दोष?"

नगरपालिकेनेही तिला तेच ऐकवलं, फक्त जास्त अदबीने. विम्याचा माणूस आला, फोटो काढून गेला आणि उन्हाने झालेलं नुकसान आम्ही धरत नाही असं त्याने फोनवर कळवलं. लॉटीने त्याला इतकं सुनावलं की त्याने मध्येच फोन ठेवला.

मग तिने भिंतीवर निळी ताडपत्री बांधली. सरोवरावरून वारा सुटला की ती दिवसभर फडफडायची, आणि गिलची बायको मोना घरातूनच काम करायची. गिलने तक्रार केली. नगरपालिकेचा निरीक्षक, डोळ्यांखाली काळं आलेला एक थकलेला माणूस, येऊन म्हणाला की असं काही बांधून ठेवता येत नाही. लॉटी ताडपत्री उतरवत असताना गिल वरच्या खिडकीत कॉफीचा मग घेऊन उभा होता. लॉटीने ते पाहिलं आणि दोरीची गाठ सोडवायची सोडून सुरीने कापून टाकली.

एप्रिलमध्ये ओघळलेली पट्टी सुटली आणि भिंतीवर आपटायला लागली. नवं व्हायनिल लावावं तर तेही वितळणार. लॉटी म्हणाली, सगळंच काढ.

"स्टॅनचं काम आहे ते," कॅझ म्हणाला.

"माहितीय कुणाचं आहे. पहार आण."

दोघांनी मिळून भिंत सोलली. उन्हात पट्टीला पसरायला जागा मिळावी म्हणून स्टॅनने खिळे घट्ट न मारता जरा मोकळे ठेवले होते. तसेच मारायचे असतात. त्यामुळे एका झटक्यात ते निघत होते. लॉटीला वाटलं होतं, कठीण जाईल. ते इतकं सोपं जात होतं याचाच तिला राग येत होता. दुपारी ती काही कारण नसताना कॅझवर ओरडली, मग आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. कॅझ बाहेर पट्ट्या रचत राहिला. त्या ठेवायच्या का, असं त्याने विचारलं. तिने कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवायला सांगितल्या.

खाली जुन्या देवदारी फळ्या निघाल्या, फिकट हिरव्या रंगाच्या, लॉटी आणि स्टॅन इथे येण्याच्याही आधीच्या. धडधाकट होत्या. लॉटीने त्या खरवडल्या आणि रंगाच्या दुकानात गेली. कॅझने डबा उघडला आणि आत वाकून पाहिलं.

"हा तर रस्ता बंद आहे म्हणून सांगायचा रंग आहे."

"बरोबर," लॉटी म्हणाली. "वाचता येईल त्याला."

नारिंगी. असा की डोळे मिटले तरी दिसत राहावा. तिने दोन हात दिले. मग पुढचं काम सूर्याने केलं. गिलच्या खिडकीतून ऊन त्या भिंतीवर पडायचं आणि नारिंगी होऊन त्याच्याच घरात परत शिरायचं. त्यांच्या बैठकीच्या खोलीतलं सोफ्यावरचं पांढरं कापड, भिंती, जेवणाची ताटं, सगळं दुपारी नारिंगी व्हायचं. कामाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये पडद्यावर मोना कावीळ झाल्यासारखी दिसायची. एकाने तिला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, हे टपालवाल्याकडून लॉटीच्या कानावर आलं. त्या दिवशी ती जेवताना एकटीच हसली.

गिल दारात आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता.

"ही काय थट्टा चालवलीय तुम्ही?"

"भिंत माझी, रंग माझा," लॉटी म्हणाली. "खटला सूर्यावर भर."

त्याने पुन्हा तक्रार केली. तोच निरीक्षक आला, भिंतीसमोर डोळे बारीक करून उभा राहिला, आणि रंगाबद्दल नियम नाही असं गिलला सांगून गाडीत बसला.

जूनच्या सुरुवातीला शिमेलांच्या खिडक्यांवर बाहेरून बारीक काळी जाळी लागली. भिंतीवरचा डाग गेला. गिलने फाटकापाशी उभं राहून तिला विचारलं की आता तरी रंग बदलणार का. हा उडाला की बघू, असं म्हणून लॉटी आत गेली. त्यानंतर दोघांत शब्द झाला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही.

जिंकल्याचं तिने गल्लीत बऱ्याच जणांना सांगितलं. पण त्या बाजूने जायचं मात्र ती टाळायला लागली. तीन भिंती पांढऱ्या आणि एक अशी. स्वतःचं घर आपल्यावरच खेकसतंय असं तिला वाटायचं.

एका रविवारी कॅझ जेवायला होता. बटाट्याचं सारण भरलेले, करंजीच्या आकाराचे पिएरोगी तिने कांद्यावर परतले होते. खाता खाता तो म्हणाला, "स्टॅन असता तर काय केलं असतं गं?"

लॉटीने त्याच्या ताटात आणखी दोन टाकले.

"बिअर घेऊन त्याच्याकडे गेला असता. दोघं पायरीवर बसले असते. मार्चमध्येच जाळी लागली असती." ती थांबली. "मला नाही जमत ते. मला भांडताच येतं."

कॅझने मान डोलावली आणि तो खात राहिला. तसं काही नाही, असं तिला म्हणावं असं त्याला वाटलं नाही.